सावित्री ते शास्त्री: खाडीकाठच्या कच्च्या वाटांवर सायकल

कोकणात सायकल न्यायची ठरली की मी आधी नकाशा उघडत नाही, भिंतीवरचे कालनिर्णय बघतो. तिथी कळली की मग बाकीचे. हे शहाणपण उपजत नव्हते. काही वर्षांपूर्वी एका लहान खाडीच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यातून सायकल खांद्यावर घेऊन मी पलीकडे गेलो. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, बसून केळी खाल्ली, फोटो काढले, आणि दीड तासाने परत फिरलो तर तेच पाणी कमरेच्या वर आलेले, शिवाय ओढ अशी की पाय टेकेना. बाजूला जाळे झटकणारे एक काका बराच वेळ माझी गंमत बघत होते. म्हणाले, "सुकतीला आलास ना? मग आता सुकतीलाच जा." सुकती म्हणजे पूर्ण ओहोटी. त्यांचे जाळे झटकून होईपर्यंत मी पुलाकडे निघालो होतो. वळसा बावीस किलोमीटरचा पडला.

तेव्हा या लेखात किलोमीटर कमी आणि पाणी जास्त आहे. वाट आहे हरिहरेश्वर ते रत्नागिरी. तीन दिवस आणि चौथ्या दिवशीची सकाळ. मध्ये तीन मोठ्या खाड्या लागतात: सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी आणि शास्त्रीची जयगड खाडी. तिन्ही ठिकाणी गाड्या नेणारी फेरीबोट आहे, त्यामुळे सायकल चढवायला कुणाच्या हातापाया पडावे लागत नाही. शिवाय भारजा, जोग असल्या लहान नद्यांच्या खाड्या आहेत, तिथे पूल आहेत, पण ते थोडे आत. समोरचे गाव हाकेच्या अंतरावर दिसत असते आणि आपण मात्र त्याच्याकडे पाठ करून पुलाच्या दिशेने पायडल मारत असतो. याची सवय करून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही सगळी वाट कच्ची नाही. गावागावांना जोडणारा मुख्य रस्ता डांबरी आहे आणि दरवर्षी आणखी एखादी चांगली मुरमाची वाट डांबराखाली जाते. गावकऱ्यांना त्याचा आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. आपण वर्षातून दोनदा येणार, त्यांना रोज पेशंट न्यायचा असतो. माझ्या हिशेबाने आजच्या घडीला एकूण अंतराचा तिसरा हिस्सा कच्चा काढता येतो: सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर), खारबंधाऱ्यावर (खाडीकाठच्या मातीच्या बांधावर), जुन्या बैलगाडीच्या वाटांवर आणि ओहोटीच्या वाळूवर.

आधी तिथी, मग तारीख

भरती-ओहोटीचे चक्र साधारण साडेबारा तासांचे. म्हणजे दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून थोडी पुढे. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: पक्षातली तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण, आणि ऐन दुपारी बाराला सुकती. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. म्हणजे सुकती पहाटे पाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास.

आता सायकलवाल्याच्या नजरेने बघा. आपल्याला सुकती हवी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, ऊन चढायच्या आत. द्वितीयेला भरती दीडला, म्हणून सुकती सकाळी सव्वासात-साडेसातला. तृतीयेला सव्वाआठ. चतुर्थीला नऊ. हेच सोन्यासारखे दिवस. शिवाय पौर्णिमा-अमावास्येनंतर दोन-तीन दिवस उधाणाचा जोर टिकून असतो, त्यामुळे पाणी खूप आत जाते आणि वाळूचा पट्टा रुंद उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असते. पाणी धड चढत नाही, धड उतरतही नाही, आणि जो काही पट्टा उघडा पडतो तो भर दुपारी. तीन दिवसांची सुट्टी काढायची असेल तर द्वितीया, तृतीया, चतुर्थी बघून काढा. साहेबाला कारण काय सांगायचे ते तुमचे तुम्ही बघा.

पाऊणचा हिशेब अंदाजासाठी. निघायच्या आदल्या रात्री त्या-त्या बंदराचा भरतीचा तक्ता बघून वेळ पक्की करा. आणि दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तक्त्यातली वेळ खाडीच्या तोंडाची असते. जितके आत जाल तितके पाणी उशिरा चढते-उतरते. वाशिष्ठीची भरती तर पार चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत जाते. दुसरी, पाणी एका वेगाने चढत नाही. सुकतीनंतरचा पहिला तास ते आळसावलेले असते, तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र निम्मी भरती चढून जाते. माझी फसगत नेमकी त्याच तासांत झाली होती. म्हणून वाळूवर सायकल घालायची ती सुकतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास. त्यापुढे रस्ता गाठायचा, कितीही मजा येत असली तरी.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, त्याचा त्रास होत नाही. दुपारनंतर समुद्रावरून जो वारा सुटतो तो बहुधा वायव्येचा. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीवर, उत्तरेकडे जाणाऱ्याच्या तोंडावर.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून सडा तापतो, एप्रिल-मेमध्ये तर तव्यावर चालवल्यासारखे वाटते. पावसाळ्यात जाऊ नका. सडा तेव्हाच सर्वांत देखणा असतो हे मान्य, पण ओल्या जांभ्यावर शेवाळाचा असा थर धरतो की उभे राहणे मुश्कील होते, आणि फेऱ्यांचाही भरवसा नसतो.

नकाशावर काय दिसते आणि खाली काय असते

उपग्रहचित्र उघडा आणि किनाऱ्यालगत उंच, झाड नसलेले, तपकिरी पट्टे शोधा. ते सडे. जांभ्या दगडाची सपाट पठारे, समुद्रसपाटीपासून शे-दीडशे मीटर उंच. त्यांच्यावर फिकट रेघा दिसतात त्या गाडीवाटा. डिसेंबर-जानेवारीतले चित्र मिळाले तर उत्तम, कारण पावसाळ्यानंतरच्या गवतात वाटा दिसत नाहीत. मग त्या रेघा गावांपर्यंत कशा उतरतात ते बघा, कारण खरी गंमत उतरणीत आहे.

कोकणात सड्यावरून वाडीत उतरणारी वाट पुष्कळदा पाखाडी असते. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची पायऱ्यापायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणे. नकाशाच्या ॲपला हे कळत नाही, ते तिला छान ठिपक्यांची रेघ काढून दाखवते. मी एकदा चाळीस-पन्नास पायऱ्या सायकल उचलून उतरलो, खालच्या घरातल्या आजी ओटीवर सुपारी कातरत बसल्या होत्या, म्हणाल्या, "वरून गाडीरस्ता हाय की रे बाबा." ओळखायची खूण अशी: उपग्रहचित्रात वाट झाडीत शिरून सरळ रेषेत खाली जात असेल तर ती पाखाडी. वळणे घेत जात असेल तर चाकांची.

दुसरा फसवा प्रकार चिरेखाणींचा. सड्यावर रुंद, लाल, मस्त रस्ता दिसतो आणि तो खाणीत जाऊन संपतो. चालू खाण असेल तर ट्रक आणि धूळ. बंद खाण जास्त वाईट: सरळ कापलेल्या भिंतींचा खोल खड्डा, कठडा नाही, काठाला गवत. सड्यावर वेगात असताना समोरची जमीन अचानक 'सपाट' दिसायची थांबली तर ब्रेक दाबा, विचार नंतर करा.

तिसरी गोष्ट खारबंधाऱ्यांची. भरतीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून खाडीकाठाने मातीचे बंधारे घातलेले असतात, पाण्याच्या बाजूला दगडाचे पिचिंग, मध्येमध्ये पाणी सोडायची उघाडी. काही बंधाऱ्यांवरून गाडी जाईल इतकी रुंदी असते, काहींवर हातभरच. एका बाजूला कांदळवन, दुसऱ्या बाजूला भाताची रिकामी खाचरे, बगळे, आणि चाकाखाली दाबलेली माती. मला विचाराल तर या अख्ख्या प्रवासातली सर्वांत सुंदर सायकल इथे चालवता येते. पण खेकड्यांच्या बिळांमुळे बंधारा आतून पोखरलेला असतो आणि कुठे खांड पडली असेल ते जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. माती ओली असेल तर सायकल हाताने न्या. चाकाचा चर पडला की भरतीच्या पाण्याला आयती वाट मिळते, आणि मग एखाद्याचे शेत दोन-तीन वर्षे पिकत नाही. खाली गाळात उतरायचा विचार मनात आणू नका. तिवराच्या मुळांमधला तो चिखल सायकल गिळतो, बूट तर हमखास.

वाटा काढून झाल्या की प्रत्येक वाटेला डांबरी पर्याय लिहून ठेवा. आमच्यात त्याला 'पळवाट' म्हणतात. फेरी बंद पडली तर त्याचीही पळवाट हवी: सावित्रीसाठी आंबेत-म्हाप्रळचा पूल, वाशिष्ठीसाठी थेट चिपळूण, शास्त्रीसाठी राई-भातगावचा पूल. यातली चिपळूणची पळवाट घ्यावी लागली तर तो दिवस गेला असे समजा.

सायकल कोणती

ग्रॅव्हल बाइक (कच्च्या वाटांसाठीची, रुंद टायरची सायकल) असेल तर उत्तम, नसेल तर यासाठी घेऊ नका. साधी पुढे शॉक असलेली एमटीबी (माउंटन बाइक), तिला दोन इंची कमी नक्षीचे टायर, एवढ्यावर ही वाट आरामात होते. माझ्याबरोबर येणाऱ्या एका मित्राची तशीच आहे आणि वाळूवर तो दरवेळी मला मागे टाकतो.

ग्रॅव्हल बाइकला टायर चाळीस मिलिमीटरच्या खाली नको, पंचेचाळीस बसत असेल तर तोच घाला. ट्यूबलेस हवेच, कारण सड्याच्या कडेला करवंदीचे काटे आहेत आणि ते लाजत नाहीत. टायरमधले भोक बुजवणारे सीलंट उष्णतेने सुकते. निघायच्या आठवड्यात ताजे भरा. हवेचा दाब माझ्या सत्तर किलोला सड्यावर पस्तीस-छत्तीस पीएसआय, वाळूवर बावीस-चोवीस. वाळूवरून वर आलात की लगेच हवा भरा. मऊ टायरने जांभ्याच्या धारेवर गेलात की रिम ठोकलीच.

गिअरमध्ये कंजुषी नको. इथले चढ लांब नाहीत, पण प्रत्येक खाडीतून सड्यावर आणि सड्यावरून पुन्हा खाडीत, असे दिवसात सात-आठ वेळा. पुढचे सर्वांत लहान चाक मागच्या सर्वांत मोठ्यापेक्षा लहान किंवा निदान बरोबरीचे असावे. आणि डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) एक जास्तीचा घ्या. दापोली किंवा गुहागरला पंक्चर काढून मिळेल, ट्यूब मिळेल, तुमच्या मॉडेलचा हँगर मात्र मिळणार नाही.

बाकी सामानाची यादी करत बसत नाही. दोन लिटर पाणी, रोख पैसे (गुगल पे रेंजवर चालते आणि रेंज सड्यावर असते, गावात नसते), मागचा लाल दिवा, आणि एक जुना टूथब्रश. टूथब्रशचे कारण पुढे येईल.

पहिला दिवस: हरिहरेश्वर ते आंजर्ले

रेल्वेने माणगावला उतरून म्हसळा-श्रीवर्धनमार्गे आदल्या दिवशी हरिहरेश्वर गाठा. सकाळी उजाडता निघा. चार-पाच किलोमीटरवर बागमांडला, तिथून वेश्वीची फेरी. जेट्टीचा उतार सुकतीच्या वेळी खालपर्यंत उघडा असतो आणि त्यावर हिरवा थर असतो. पायडलला अडकणारे क्लीटचे बूट घालून सायकल ढकलणारा माणूस तिथे कसा पडतो ते मी स्वतःवरून सांगू शकतो. काठाकाठाने, जिथे ट्रकच्या चाकांनी थर घासला गेला आहे तिथून चाला.

पलीकडे उतरलात की रत्नागिरी जिल्हा. खाडी उजव्या हाताला ठेवून बाणकोट. वर किल्ला आहे, मराठ्यांचा हिंमतगड, इंग्रजांचा फोर्ट व्हिक्टोरिया. चढ तिखट आहे पण वरून सावित्रीचे मुख, वाळूचे दांडे आणि पाण्याचे दोन रंग स्पष्ट दिसतात. महाबळेश्वरच्या डोंगरात निघालेली नदी इथे इतकी पसरट आणि संथ होते यावर विश्वास बसत नाही.

पुढे वेळास. नाना फडणविसांचे गाव, आणि आता कासवांचे. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये इथल्या वाळूत अंडी घालतात; २००२ पासून इथे घरटी जपायचे काम चालू आहे. म्हणून या किनाऱ्यावर सायकल घालायची नाही. सुकती कितीही छान असो. सायकल गावात लावा, चालत जा.

वेळासहून केळशीला जायला भारजा नदी ओलांडायची आहे, त्यासाठी आत पुलापर्यंत जावे लागते. हा दिवसातला सर्वांत कंटाळवाणा आणि चढउतारांचा टप्पा. इथे पाणी भरून घ्या. जेवणाचा फोन केळशीत सकाळीच केलेला असावा. कोकणातल्या लहान गावात 'हॉटेल शोधू आणि जेवू' असे होत नाही. सकाळी नऊच्या आत सांगितले तर बाराला ताट वाढलेले मिळते, बाराला सांगितले तर फार तर पोहे. हे आतिथ्यात कमी नाही, माणूस तेवढेच शिजवतो जेवढे लागणार आहे.

केळशीची मोठी वाळूची टेकडी पाहण्यासारखी आहे, पण तिच्यावर चढू-घसरू नका, ती सुटी वाळू आहे आणि ढासळते आहे. केळशीहून उटंबरचा चढ, मग आडे, पाडले आणि आंजर्ले. पाडल्याजवळ रस्ता समुद्राच्या इतका जवळून जातो की उधाणाला तोंडावर तुषार येतात. संध्याकाळची सुकती जवळ आलेली असेल आणि पायांत दम असेल तर आंजर्ल्याच्या पुळणीवर उतरा. नसेल तर सरळ मुक्काम.

वाळूवर कसे चालवायचे

आंजर्ल्याचा विषय निघाला म्हणून इथेच सांगतो. वाळू तीन रंगांची दिसते. वरची पांढरी, कोरडी: तिथे चाक रुतते. पाण्यालगतची चकाकणारी: पाणी आत्ताच गेलेले, वरून गुळगुळीत पण आतून भुसभुशीत. या दोन्हींच्या मध्ये गडद, पण न चकाकणारा पट्टा असतो, त्यावर पाऊल टाकले की पावलाभोवती क्षणभर वाळू फिकी पडते. तो आपला रस्ता. गिअर एकदा ठरवला की बदलू नका, हँडल सैल धरा, वळायचे असेल तर लांबून वळा.

ओढा किंवा खाडी समुद्राला मिळते त्या जागेच्या आसपास ही खूणही कामाची नाही. तिथली वाळू रोज हलते. कालचे उथळ पाणी आज गळ्याइतके असते. तिथे उतरून बघायचे, गावातल्या कुणाला तरी विचारायचे, आणि तो नाही म्हणाला तर वाद घालायचा नाही.

दुसरा दिवस: आंजर्ले ते गुहागर

सकाळी कड्यावरच्या गणपतीचा चढ करायचा की नाही हे पायांना विचारा. वरून हर्णै आणि सुवर्णदुर्ग दिसतो. जोग नदीचा पूल ओलांडून हर्णै. बंदरावर मासळीचा लिलाव चालू असेल तर पंधरा मिनिटे द्या, सायकल मात्र लांब लावा, नाहीतर पुढचे दोन दिवस तुमच्याबरोबर मांजरे प्रवास करतील.

मुरूड ते कर्दे ही या वाटेवरची सर्वांत टणक पुळण. महर्षी कर्व्यांचे हे मुरूड. सुकती साडेसात-आठला साधली असेल तर इथे सायकल डांबरापेक्षा हलकी जाते. दुर्दैवाने हे मोटारवाल्यांनाही कळले आहे आणि शनिवार-रविवारी काही जण वाळूवर गाड्या घुमवतात. सुट्टीच्या दिवशी आठच्या आत पार व्हा. भरती चालू झाल्यावर रुतलेली जीप काढायला गावकरी धावतात तो तमाशा मी दोनदा पाहिला आहे.

पुढे लाडघर, बुरोंडी, कोळथरे. इथून दाभोळपर्यंत चढ-उतार एकामागून एक. या भागात कलमांच्या बागांतून जाणाऱ्या लाल वाटा खूप आहेत आणि मोहात पाडतात. नियम साधा: बेडे, म्हणजे बागेचे फाटक, बंद असेल तर आत जायचे नाही, उघडे असेल तर हाक मारायची, राखणदाराला विचारायचे. बागेत कुत्री असतात. आणि एखाद्याने बेडे उघडून दिले तर मागे वळून ते होते तसे लावायचे. गुरे आत शिरली की त्याचे पाप आपल्या सगळ्यांच्या माथी बसते, पुढच्या सायकलवाल्याला वाट मिळत नाही.

दाभोळला उतरताना ब्रेक तापतील, मध्येच थांबा. खाली जुने बंदर, खाडीकाठची घुमटाची दगडी मशीद, आणि समोरच्या काठावर अंजनवेलच्या वीजप्रकल्पाची धुराडी. वाशिष्ठीची फेरी इथून धोपाव्याला. २००३ साली सुरू झालेली ही फेरी कोकणच्या किनाऱ्यावरच्या मोटारी नेणाऱ्या फेऱ्यांमधली सर्वांत जुन्यांपैकी. फेरीत मोटारींच्या मागे थांबा, शेवटी चढा, आणि सायकल कठड्याला बांधा. लाटेने नाही, पण मोटारसायकल मागे घेणाऱ्याने पडते.

धोपाव्याहून गुहागरपर्यंत वेळ असेल तर अंजनवेलला गोपाळगड आणि दीपगृहाकडून जा. वेळ नसेल तर सरळ गुहागर. अंधार पडल्यावर सड्यावरून जाऊ नका. बिबटे आहेत, पण मला जास्त भीती वाटते ती दिवा न लावता येणाऱ्या मोटारसायकलची.

तिसरा दिवस: गुहागर ते गणपतीपुळे

हा सड्यांचा दिवस. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. प्रत्येक गाव समुद्राशी, मधले सगळे सडे. गुहागरची पुळण लांबलचक आहे, पण मला ती सायकलला जड वाटते. ताकद वर राखून ठेवा.

सड्यावरचा पृष्ठभाग दोन प्रकारचा. उघडा कातळ असतो तो खरखरीत, टायर त्याला चिकटून जातो, फक्त लहान-मोठी भोके सांभाळायची. आणि कातळावर पसरलेले जांभ्याचे सुटे खडे, वाटाण्याएवढे. तिथे वळणावर पुढचा ब्रेक दाबाल तर मोहरीवर पाय पडल्यासारखी सायकल खालून जाते. वेग वळणाआधी कमी करा, वळणात ब्रेक सोडा. सावली नाही, पाणी नाही, आणि दहा वाजल्यानंतर कातळ खालून भाजायला लागतो. म्हणून हेदवी दहाच्या आत गाठायची असे मी ठरवतो आणि साधारण साडेअकराला पोहोचतो. तिथली बामणघळ भरतीला बघायची असते: खडकातल्या अरुंद घळीत लाट शिरते आणि पाणी उंच उसळते. काठावर जाऊन फोटो काढू नका, खडक ओला आणि गुळगुळीत असतो.

तवसाळहून तिसरी फेरी, शास्त्रीच्या पलीकडे जयगड. किल्ल्यावरून खाडीचे मुख बघून मालगुंडकडे निघा. मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. आत सड्याच्या बाजूला गेलात तर एक मोठी जबाबदारी लक्षात ठेवा. रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत, जमिनीच्या सपाट कातळावरच कोरलेली माणसे, प्राणी, आकृत्या. त्यांतली उक्षी, कशेळी, बारसू अशी काही ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. जी माहीत आहेत त्यांच्याभोवती पुष्कळ ठिकाणी चिऱ्यांचा गडगा आहे. जी कुणी झाडून बघितलेली नाहीत ती तुमच्या चाकाखाली असू शकतात. गाडीवाट सोडून उघड्या कातळावर 'जरा फिरून' येऊ नका. कातळात सरळ, एकसारख्या खोलीची रेघ दिसली तर उतरा, सायकल बाजूला ठेवा आणि रेघेच्या मागे नजर नेत जा. एकदा असे करताना मला माशाची शेपटी सापडली, मासा मात्र मातीखाली होता.

गणपतीपुळ्याला मुक्काम. समुद्रात उतरू नका, इथे ओढ वाईट आहे आणि वाळूचा उतार तीव्र. ही पुळण सायकलला तर अजिबात उपयोगाची नाही. चौथ्या दिवशी सकाळी आरे-वारे करून रत्नागिरी. हा पूर्ण डांबरी टप्पा आहे आणि मला त्याबद्दल काही तक्रार नाही.

रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे

खारे पाणी आणि वाळू सायकलचे जितके नुकसान करतात तितके दगड करत नाहीत. मुक्कामी पोहोचलात की आधी स्वतः आंघोळ करू नका. विहिरीचे गोडे पाणी दोन बादल्या मागून घ्या. वरून हळू ओता, पाइपची जोराची धार नको. ती वाळू बेअरिंगमध्ये ढकलते. मग टूथब्रशने चेन, कॅसेट आणि ब्रेकची कॅलिपर. चेन पुसून, वाळवून, तेल थेंबथेंब. ओल्या हवेत रात्रभर ठेवली तर सकाळी चेनवर केशरी गंज दिसतो. तो पुसला की जातो, दोन दिवस तसाच ठेवला की राहतो.

पडलात-लागलात तर १०८ ला फोन लावा, पण तुम्ही नेमके कोणत्या वाडीच्या वर आहात हे सांगता आले पाहिजे. म्हणून सड्यावर चढताना शेवटच्या वाडीचे नाव मुद्दाम मोठ्याने म्हणतो. मागचा मित्रही म्हणतो. लोक हसतात.

रत्नागिरीला सायकल रेल्वेत टाकायची तर पार्सलची चौकशी आदल्या दिवशी करा आणि गाडीच्या बऱ्याच आधी पोहोचा. पायडल काढा, हँडल वळवा, डिरेलरला पुठ्ठा बांधा. घरी आल्यावर सीटपोस्ट काढून सायकल उलटी धरा. पहिल्या खेपेला माझ्या फ्रेममधून अर्धा कप भरेल इतकी आंजर्ल्याची वाळू निघाली होती.